फीची तारीख उलटण्याआधी : प्रस्तावना

पालघरच्या महाविद्यालयाचं पूर्ण नाव सोनोपंत दांडेकर कला, व्ही. एस. आपटे वाणिज्य आणि एम. एच. मेहता विज्ञान महाविद्यालय असं आहे. चिंचणीला पी. एल. श्रॉफ महाविद्यालय आहे, बोर्डीला सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हायस्कूल. बोलताना आपण ‘दांडेकर कॉलेज’, ‘श्रॉफ कॉलेज’, ‘एसपीएच’ म्हणून मोकळे होतो. पण ही लांबलचक नावं एकदा सावकाश वाचावीत. सोनोपंत हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि ज्ञानेश्वरीचे अभ्यासक. बाकीची नावं ज्या रीतीनं पाटीवर येतात ती रीत आपल्याकडे देणगीची आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला. शिक्षणासाठी हात सैल सोडणारी माणसं या किनाऱ्यावर त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

त्या पिढीनं इमारती दिल्या, कारण तेव्हा इमारतीच नव्हत्या. आज बोईसरच्या किंवा मनोरच्या मुलाचं शिक्षण इमारतीवाचून अडत नाही. अडतं ते वसतिगृहाच्या अनामत रकमेवर, मेसच्या महिन्यावर, रेल्वेच्या पासावर, नर्सिंगच्या गणवेशावर, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या हप्त्यावर. २०१३ साली विरारची लोकल डहाणूपर्यंत आली आणि बोईसरहून वसई-अंधेरीच्या कॉलेजात रोज जाऊन येणं सोपं झालं. जव्हार-मोखाड्याच्या मुलाला मात्र अजूनही आधी एसटी, मग रेल्वे, नाहीतर खोली भाड्यानं घेणं याला पर्याय नाही. पहिल्या वर्षाची फी घरचे कसेबसे भरतात. सोसायटीचं कर्ज निघतं, डाग गहाण पडतो. शिक्षण सुटतं ते बहुधा पुढच्या वर्षी, आणि ज्या रकमेपायी सुटतं ती ऐकली तर आसपासच्या दहा माणसांनी मिळून सहज भरली असती असं वाटतं.

ही पुस्तिका त्या रकमेसाठी आहे. पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात आणि तिथून हाकेच्या अंतरावर शिक्षणासाठी मदत करणारे न्यास, समाजमंडळं, कारखाने, कामगारांचे निधी आहेत. त्यांच्यापर्यंत कसं पोचायचं, हा तिचा विषय. शिष्यवृत्त्यांच्या याद्या मोबाइलवर हव्या तेवढ्या मिळतात. त्यातल्या बहुतेक देशभरच्या असतात आणि एकेका जागेसाठी हजारो अर्ज येतात. स्थानिक मदतीचं तसं नसतं. तिची रक्कम लहान, अटी चमत्कारिक वाटाव्यात इतक्या नेमक्या : अमुक गावचा रहिवासी, तमुक समाजाचा, बापाचा अमुक व्यवसाय. पण त्या अटींमुळेच स्पर्धा कमी असते. माझं सांगणं एवढंच आहे की शोधाची सुरुवात शिष्यवृत्तीच्या यादीपासून करू नये, मुलापासून करावी. हे मूल कुठल्या गावचं, कुठल्या समाजाचं, आईबाप काय काम करतात, शिकायचं काय आहे. या प्रश्नांची उत्तरं कागदावर मांडली की दारं आपोआप दिसू लागतात.

समजा, दांडी गावची एक मुलगी आहे. वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी, आई बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदारामार्फत पॅकिंगच्या कामाला. मुलीला मुंबईत बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळतो आहे. घरातले म्हणतात, आपल्याला कोण देणार? आता हिच्या बाजूनं मोजू. ती मच्छीमार समाजाची, तेव्हा समाजाच्या मंडळाकडे विचारता येईल. गाव अणुवीज केंद्राच्या शेजारचं, तेव्हा तिथल्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या कामाची चौकशी करता येईल. आईच्या पगारातून कामगार कल्याण निधीची कपात होत असेल तर तो तिसरा मार्ग. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ती त्यात बसते का ते पाहायचं. बसली, तरी राहणं, जेवण, गणवेश आणि प्रवास उरतातच. सरकारची योजना फी उचलते आणि बाकीचा खर्च घरावर टाकते. स्थानिक मदत मागायची ती या उरलेल्या खर्चासाठी. ‘शिक्षणासाठी मदत हवी’ असं मोघम लिहिण्यापेक्षा ‘जुलै ते डिसेंबरच्या मेसचे पैसे हवेत’ असं लिहिलेलं पत्र देणाऱ्याला कळतं.

कारखान्यांविषयी जरा विस्तारानं लिहायला हवं, कारण बोईसरमध्ये सगळ्यात मोठा पैसा तिथं आहे आणि सगळ्यात मोठा गैरसमजही. तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायनं, औषधं, कापड, पोलाद यांचे कारखाने शेकड्यांनी आहेत. २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ एप्रिल २०१४पासून लागू झालं. ज्या कंपनीचं निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी एखादी मर्यादा गाठतो, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामावर खर्च करायची असते. शिक्षण त्या कामांच्या यादीत आहे. शिवाय जिथं कंपनी चालते त्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही त्याच कलमात लिहिलेलं आहे. हे वाक्य बोईसर, सरावली, पास्थळ, कुरगाव, सालवड इथल्या ग्रामपंचायतींनी पाठ करून ठेवण्यासारखं आहे. ज्या हवेत आणि ज्या नाल्यांकाठी या गावांनी कारखान्यांच्या शेजारात इतकी वर्षं काढली, त्या गावांतल्या मुलांनी हा पैसा मागणं यात कसलाही संकोच नको.

गैरसमज असा की कारखान्याच्या फाटकावर अर्ज दिला की साहेब धनादेश लिहितील. तसं होत नाही. लहान कारखाने कायद्याच्या मर्यादेत येतच नाहीत. ते काही देतात ते मालकाच्या मनानं. मोठ्या कंपन्यांत समिती वर्षाचा आराखडा ठरवते आणि पैसा बहुधा नोंदणीकृत संस्थेमार्फत खर्च होतो. एका मुलाच्या सुट्या अर्जाला तिथं रकानाच नसतो. म्हणून शाळेनं, महाविद्यालयानं किंवा गावातल्या न्यासानं वीस-पंचवीस मुलांचा मिळून प्रस्ताव द्यावा, तोही आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या सुमारास. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्याचा विचार झाला नाही त्याला जुलैत पैसे कुठून येणार? काही समूह थेट विद्यार्थ्यांकडूनही अर्ज घेतात. जेएसडब्ल्यू फाउंडेशनची ‘उडान’ शिष्यवृत्ती त्यांच्या कारखान्यांच्या परिसरातल्या मुलांसाठी असते, आणि तारापूरला या समूहाचा कारखाना आहे. कुठली कंपनी कुठल्या भूखंडावर आहे हे कळत नसेल तर टिमा या उद्योजकांच्या संघटनेपासून सुरुवात करावी. आणखी एक बारकावा : फक्त आपल्याच कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी केलेला खर्च कंपनीला या २ टक्क्यांत धरता येत नाही. कायम कामगाराच्या मुलासाठी असलेली मदत वेगळ्या खात्यातून येते, तिची चौकशी मनुष्यबळ विभागात करायची.

कामगारांचे स्वतःचे निधी मात्र सगळ्यात दुर्लक्षित आहेत. १९५३च्या कायद्यानं उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळासाठी जून आणि डिसेंबरच्या पगारातून नाममात्र रक्कम कापली जाते. पगारपत्रकावर तो आकडा इतका लहान असतो की कुणी विचारतही नाही. पण त्याच आकड्याच्या बळावर कामगाराच्या मुलांना शिष्यवृत्ती आणि पाठ्यपुस्तकांसाठी मदत मागता येते. ठेकेदाराच्या माणसानंही आपली कपात होते का आणि पुढं भरली जाते का, हे विचारलंच पाहिजे. बांधकाम कामगारांचं मंडळ वेगळं. मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला देऊन नोंदणी झाली, की पहिल्या दोन मुलांना शिक्षणाची मदत मिळते : पदवीला वर्षाला २० हजार, अभियांत्रिकीला ६० हजार, वैद्यकीयला एक लाख रुपये. बोईसर-पालघरमध्ये इमारती उठताहेत आणि त्या बांधणाऱ्यांची मुलं दहावीनंतर बिगारीला लागताहेत, हे पाहिलं की नोंदणीच्या त्या कागदाची किंमत कळते.

अणुवीज केंद्राबद्दल लिहिताना मला नेहमी एक पत्र आठवतं. १२ मार्च १९४४ रोजी होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला मूलभूत संशोधनाच्या संस्थेसाठी पैसे मागणारं पत्र लिहिलं. पुढं अणुऊर्जा वापरण्याची वेळ येईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडं पाहावं लागू नये, असा त्यातला युक्तिवाद होता. ट्रस्टनं मान्यता दिली, १९४५ला टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली, आणि तिथून ट्रॉम्बेमार्गे वाट थेट तारापूरपर्यंत आली. १९६९ साली इथं सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी बनावटीच्या होत्या. २००५-०६मध्ये आलेल्या ५४० मेगावॉटच्या तिसऱ्या-चौथ्या आपल्याच अभियंत्यांनी उभ्या केल्या. भाभांच्या पाठोपाठ ज्यांनी हा कार्यक्रम पुढं नेला ते राजा रामण्णा तरुणपणी लंडनला शिकायला गेले तेही जे. एन. टाटा एंडोमेंटच्या शिष्यवृत्तीवर. म्हणजे घिवली-उनभाटच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या त्या घुमटांच्या मुळाशी न्यासाला लिहिलेला एक अर्ज आहे. याच तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. त्या गावांतल्या मुलांचा शिक्षणाच्या मदतीवर पहिला हक्क आहे असं मी मानतो, आणि केंद्राच्या परिसर-विकास निधीचा विचार करणाऱ्यांनी तो तसाच मानावा.

भाभांच्या पत्रावरून अर्ज कसा लिहावा तेही शिकता येतं. त्यात काकुळती नाही. काय करायचं आहे, ते का करायला हवं, किती लागेल, त्यातून काय निघेल, एवढंच आहे. आमच्या मुलांचे अर्ज ‘मी अत्यंत गरीब घरातील असून’ या वाक्यानं सुरू होतात आणि तिथंच अडकतात. गरिबी उत्पन्नाच्या दाखल्यावरून कळतेच. पत्रात वर्षाचा एकूण खर्च लिहावा, घरून किती उभे राहतील, सरकारी योजनेतून किती येणं आहे, दुसरीकडं कुठं अर्ज केला आहे, आणि कमी किती पडतात. दुसरीकडून मिळालेली मदत लपवू नये. विश्वस्त एकमेकांना ओळखतात, आणि प्रामाणिक हिशेबाचा त्यांच्यावर जो परिणाम होतो तो अश्रूंचा होत नाही. पालकांना हात पसरल्याची लाज वाटते, ती मी समजू शकतो. पण न्यास हा सावकार नव्हे आणि दातारही नव्हे. सार्वजनिक न्यासांच्या कायद्यात शिक्षण हा धर्मादाय हेतू म्हणून नोंदलेला आहे. करसवलत टिकवायची तर न्यासाला वर्षाच्या उत्पन्नातले निदान ८५ टक्के आपल्या हेतूवर खर्च करावे लागतात. तुमचं मूल अर्ज करतं तेव्हा ते त्या न्यासाला त्याचं काम करायला मदत करत असतं.

समाजमंडळांचा प्रश्न नाजूक आहे. वाडवळांचा सोमवंशी क्षत्रिय समाजोन्नती संघ असो, कुणबी समाजोन्नती संघ असो, मच्छीमार, भंडारी, आगरी समाजांची मंडळं असोत, मुंबईत चार पैसे मिळवलेल्यांनी गावाकडच्या मुलांसाठी उभा केलेला हा पैसा आहे. त्यामागं मोठी माया आहे. वार्षिक गुणगौरवाला दिलेली पाचशे-हजाराची पाकिटं मात्र आता कमी करावीत आणि तीच रक्कम एकत्र करून दोन-तीन मुलांचं पूर्ण वर्ष उचलावं, असं माझं या मंडळांना मनापासून सांगणं आहे. नव्वद टक्केवाल्याला शाल मिळते. साठ टक्के मिळवून कॉलेज सोडणाऱ्याकडं कुणाचं लक्ष जात नाही.

आणि ज्यांच्या समाजाकडं मुंबईत कमावलेला पैसाच नाही त्यांचं काय? पालघर जिल्ह्यात एक तृतीयांशाहून अधिक लोक आदिवासी आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी. दानाच्या नकाशावर सगळ्यात मोकळी जागा त्यांचीच आहे. त्यांचा भार मुख्यतः डहाणू आणि जव्हारच्या प्रकल्प कार्यालयांवर, आश्रमशाळांवर आणि वसतिगृहांवर पडतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तिच्यात जेवण, राहणं आणि साहित्याचे पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतात. पण हप्ता येईपर्यंतचे महिने कसे काढायचे, याचं उत्तर योजनेत नाही. इथं स्थानिक न्यासांनी बिनव्याजी, फिरता निधी ठेवला तर थोड्या रकमेत पुष्कळ मुलं तगतील. योजनेचा हप्ता आला की पैसे परत, आणि पुढच्याला.

याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ला बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं आणि १९५७ला काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखायला जातात, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हे नाव त्यातून आलं. मदतीच्या माहितीचंही तसंच व्हायला हवं. विक्रमगडच्या पाड्यावरची मुलगी धर्मादाय आयुक्तांचं संकेतस्थळ उघडेल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. तिच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या एका शिक्षकानं ही पुस्तिका घेऊन बारावीच्या वर्गात एक तास बसावं.

बोईसरपुरता एक प्रश्न वेगळाच आहे. औद्योगिक वसाहतीच्या भोवतीच्या चाळींतून उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची कुटुंबं राहतात. मुलं इथल्याच शाळांत शिकलेली, मराठी घडाघडा बोलणारी. पण अधिवासाच्या दाखल्याला महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं, जातीचा दाखला बापाच्या राज्यातला चालत नाही. सरकारी योजनांची बहुतेक दारं त्यांना बंद. या मुलांना आधार देऊ शकतील असे न्यास तेवढेच, ज्यांच्या घटनेत प्रांताची अट नाही. अशा न्यासांना आम्ही या पुस्तिकेत मुद्दाम पुढं ठेवलं आहे, आणि यावर कुणी नाराज झालं तर त्याच्याशी बोलायला मी तयार आहे.

मुंबई-ठाण्याची दारं बोईसरहून दूर नाहीत. ठाण्याचं विद्यादान सहाय्यक मंडळ ग्रामीण भागातल्या होतकरू मुलांना दहावी-बारावीनंतर पैशाबरोबर मार्गदर्शनही देतं, आणि माझ्या मते पैशापेक्षा ते मोलाचं आहे. सिद्धिविनायक न्यासाची पुस्तकपेढी आहे. १८९२ला सुरू झालेलं जे. एन. टाटा एंडोमेंट परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतं. कर्जाऊ या शब्दाला घाबरू नये. नोकरी लागल्यावर थोडंथोडं परत करायचं आणि तो पैसा पुढच्या विद्यार्थ्याला जायचा, ही रीत जुनी आणि स्वच्छ आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ला कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, आणि त्या बदल्यात संस्थानची दहा वर्षं नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. अट असलेली मदत कमी प्रतीची नसते. करारावर सही करण्याआधी ती अट नीट वाचलेली असावी, इतकंच.

न्यास खरा की खोटा हे तपासता येतं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक सार्वजनिक न्यासाची नोंद धर्मादाय आयुक्तांकडं असते. नोंदणी क्रमांक विचारावा. सांगायला टाळाटाळ झाली तर तिथून उठावं. अर्जाचे, नोंदणीचे, ‘फाइल पुढं सरकवण्याचे’ पैसे मागणारा कुणीही, मग तो कितीही ओळखीचा असो, मदत करणारा नव्हे. मोबाइलवर आलेला ओटीपी कुणालाही सांगायचा नाही.

कागदांचं वेळापत्रक आईनं हातात घ्यावं, असं मी सुचवतो. बहुतेक घरांत ते तीच पार पाडते. उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्येच काढून ठेवावा, कारण निकालानंतर सेतू केंद्रावर रांग लागते. जातीच्या दाखल्याची पडताळणी बारावीच्या वर्षाच्या सुरुवातीला टाकावी. मुलाच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं आधारला जोडलेलं असावं. गुणपत्रक, बोनाफाईड, शिधापत्रिका, फीची पावती, पगारपत्रक यांच्या प्रती एका पिशवीत हव्यात. बहुतेक न्यास जून ते ऑगस्टमध्ये अर्ज घेतात आणि पैसे दिवाळीच्या सुमारास देतात. प्रवेशाच्या वेळी भरायच्या हप्त्याची सोय म्हणून आधीच वेगळी करावी लागते, किंवा प्राचार्यांना भेटून लेखी मुदत मागावी लागते. मागितली तर पुष्कळदा मिळते.

शेवटची विनंती विश्वस्तांना. आपल्या मदतीची जाहिरात न्यासाच्या कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लावून भागत नाही. बोईसर आणि पालघर स्थानकावर, औद्योगिक वसाहतीतल्या चहाच्या टपरीवर, सातपाटीच्या मच्छीमार सोसायटीत, मनोरच्या आठवडी बाजारात ती मराठीत आणि हिंदीत लावावी. त्यात रक्कम, शेवटची तारीख, कुणाला मिळेल आणि कुणाला मिळणार नाही, हे स्पष्ट लिहावं. नकार द्यायचा असेल तर दोन ओळींचं उत्तर द्यावं, म्हणजे मूल तिथं अडकून न राहता दुसरीकडं अर्ज करू शकेल. या पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत आपली नोंद बदलायची असल्यास मार्चअखेरपर्यंत कळवावं. एप्रिलमध्ये ती शाळांकडं पाठवायची आहे.